दाजींच्या पायातली चरचर

“हात लावू नगंस. बिब्बा उतलाय नुसता,” दाजी म्हणाले आणि पायावरची चादर त्यांनी बोटांपर्यंत ओढून घेतली.

मी अजून ओसरीच्या पायरीवर चपलाच काढत होतो. त्या दिवशी वाघदरवाडीत मेंढ्यांना लस टोचायची होती. काम सकाळी नऊलाच उरकलं. बहिणीच्या गावात येऊन तिच्या हातचा चहा न घेता परतलो असतो, तर पुढं वर्षभर बोलणी खावी लागली असती, म्हणून वाकडी वाट करून घरी आलो होतो. गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. एप्रिल महिना, लग्नसराई ऐन भरात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भगवान ऐवळे. चार तालुक्यांत त्यांच्या ब्रास बँडचं नाव होतं. क्लॅरिनेट घेऊन ते वरातीच्या पुढं चालायला लागले की नवरदेवाचा घोडासुद्धा त्यांच्या ठेक्यावर पाऊल टाकतो, असं लोक म्हणत. माणूस दिलदार, पण तोंडाचा फटकळ. मी सरकारी पशुधन पर्यवेक्षक; गावोगावच्या गाईम्हशींना सुया टोचत हिंडणारा. सगळा तालुका मला डॉक्टर म्हणायचा. दाजी मात्र ढोरडॉक्टर म्हणायचे, आणि तेही चार पाहुण्यांत, मोठ्यानं. त्यांना साखरेचा आजार होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. गोळ्या आठवण झाली तर घ्यायचे, लग्नातली जिलेबी मात्र आठवणीनं खायचे.

“झालं काय, अक्का?” मी बहिणीला विचारलं.

“काय सांगू बाबा. परवाच्या वरातीत नवं बूट घातलं हुतं. घरी येऊन काढलं तर मोजा रगतानं भरल्याला. बुटाचा खिळा वर आलाय आन् ह्यास्नी पत्त्या न्हाय! तीन तास त्याच्यावर नाचत्यात.”

“नाचत न्हाय, वाजवत,” दाजींनी दुरुस्ती केली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

मग आदल्या दिवशी सकाळी दाजींचे चुलते केरबातात्या आले. तात्या बँडमध्ये ढोल वाजवायचे आणि गावातल्या काट्याखिळ्यांचे तेच वैद्य. आमच्याकडं पायात काहीही घुसलं की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि त्याच्या उकळत्या तेलाचा थेंब जखमेत सोडायचा. माझ्या तळपायावरसुद्धा तसले दोन काळे डाग आहेत. एखाद्याच्या अंगाला बिब्बा सोसत नाही. मग कातडी काळी पडते, फोड येतात, सूज चढते, अंग तापतं. त्याला बिब्बा उतला म्हणायचं. त्यावरचा उताराही ठरलेला : खोबरं आणि तीळ, पोटातही घ्यायचे आणि वाटून वरूनही लावायचे. दाजींचा पाय काळा पडला होता, त्याला फोड आले होते, सूज होती, तापही होता. सगळं कसं जिथल्या तिथं बसत होतं. त्यामुळं घरात काळजी होती, पण घबराट नव्हती.

अंगणात बँडची माणसं जमत होती. लाल कोट, सोनेरी फिती, कोणी ट्रम्पेट पुसतोय, कोणी कोटाचं बटण शोधतोय. दुपारचं लग्न शेजारच्या गावात होतं आणि दाजी गाडीत बसून का होईना, जाणारच होते.

“बघू तरी,” म्हणत मी चादर वर केली.

आधी खोबऱ्याचा वास आला. त्याच्या खालून दुसरा आला, तो मला आवडला नाही. पाऊल सुजून टम्म झालं होतं. पावलाच्या वरच्या अंगाला जांभळट काळा पट्टा पसरला होता आणि फोडांत तांबूस, गढूळ पाणी होतं. मी काळ्यावर बोट दाबलं.

“दुखतंय?”

“न्हाय.”

आणखी जोरात दाबलं. “आता?”

“न्हाय म्हनतोय न्हवं!”

मग मी हात वर नेला. घोट्याच्या वर वीतभर कातडी चांगली होती, नुसती ताणून चकाकत होती. तिथं बोटं टेकवली मात्र, दाजी असे ओरडले की अंगणातला ट्रम्पेटवाला दारात येऊन उभा राहिला. कपाळाला हात लावला तर तवा. नाडी इतकी पळत होती की मोजताना दोनदा चुकलो. मी हात काढला तेव्हा दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, “पावणं, वरमाईला इचारा, मांडव कुणीकडं हाय?”

अक्का हसली. तिला वाटलं, थट्टा करतायत. मला हसू आलं नाही.

“दाजी, मिरजेला चला. आत्ताच्या आत्ता.”

दाजी भानावर आले. “म्हशी बघ जा तू.”

“आरं सदा,” तात्या दारातून समजुतीनं म्हणाले, “बिब्बा उतला म्हनून कोन मिरजंला जातंय व्हय? आख्खं गाव दात काढंल. सांच्यापतुर उतरतंय बघ. तीळ लावल्यात.”

“तात्या, तुम्ही बिब्बा कुठं लावला?”

“तळव्याला. खिळा तितंच लागला हुता.”

“मग काळं वर कसं आलं?”

“पसरतोय की त्यो. तुला काय ठावं?”

अक्का एकदा माझ्याकडं बघत होती, एकदा नवऱ्याकडं. तिचा जीव माझ्याकडं ओढत होता. पण घरात दाजींचा शब्द शेवटचा, आणि पायाबिब्ब्याच्या बाबतीत तात्यांचा. माझ्या शब्दाला मेंढ्यांपुरती किंमत होती. खरं सांगायचं तर, पुढं बोलायला माझ्याजवळ काही नव्हतंही. आजाराचं नाव मला ठाऊक नव्हतं. नुसती भीती होती, आणि नुसत्या भीतीवर तिथं कुणी उठलं नसतं.

मी पुन्हा खाटेशी वाकलो. घोट्याच्या वर चार बोटं ठेवली, हळूच दाबली, कान जवळ नेला.

“चरचरतंय,” मी म्हणालो.

“काय?”

“आत हवा धरलीय. दाबलं की चरचर वाजतंय. तात्या, हा फऱ्या आहे.”

आमच्या भागात फऱ्या कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सकाळी धडधाकट असलेलं खोंड लंगडायला लागतं, फऱ्यावर, म्हणजे मांडीवर, सूज येते, दाबली की आत चरचर वाजते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ओढून न्यायला माणसं बोलवावी लागतात. तात्यांची दोन खिल्लारी खोंडं एकाच आठवड्यात गेली होती. दुसऱ्याच्या वेळी मीच त्यांचा हात धरून त्यांना ती चरचर दाखवली होती.

तात्या मटकन खाली बसले. “मानसाला बी हुतो त्यो?”

“तसलाच होतो.”

दाजी माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ, एकटक. मीही डोळे हलवले नाहीत. मग ते अंगणाकडं तोंड करून म्हणाले, “मॅटाडोर काढा रं.”

निम्मी माणसं एका जीपनं लग्नाला पाठवली. चौघं आमच्याबरोबर आली. कपडे बदलायला कुणाला सवड होती! ‘न्यू ऐवळे ब्रास बँड’ असं लाल-पिवळ्या अक्षरांत लिहिलेली ती गाडी, आत लाल कोटातली माणसं, मधे दोन ढोलांच्या शेजारी गादीवर दाजी. त्यांचं डोकं अक्काच्या मांडीवर. वाटेतल्या गावांतून लोक हात करायचे. त्यांना वाटायचं, वऱ्हाड निघालंय.

माझ्या पिशवीत मेंढ्या टोचून झाल्या की पाठीवर खूण करायची निळी कांडी होती. गाडी सुटायच्या आधी, पायावर जिथं लाली संपत होती तिथं मी त्या कांडीनं रेघ मारली. वेळ दहा.

“हे आनी काय?” अक्का म्हणाली.

“कुठवर चढतंय ते कळेल.”

“आन् चढलं तर?”

मी कांडी पिशवीत टाकली. साडेअकराला पुन्हा बघितलं. लाली रेघेच्या वर चार बोटं सरकली होती. तिथं दुसरी रेघ मारली. अक्कानं ती बघितली, पदराचं टोक तोंडात धरलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ड्रायव्हरला मी म्हणालो, “खड्डे बघू नको. पळव.”

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही शिरलो तेव्हा दारातला रखवालदार म्हणाला, “वाजवायची परवानगी नाही इथं.” दाजींना स्ट्रेचरवर घेताना बघितल्यावर तोच धावत पुढं आला.

सर्जन डॉक्टर कुंभोजकर म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या कोटाखाली साडीचा पदर खोचलेला. त्यांनी फोड बघितले नाहीत, आधी माझ्या रेघा बघितल्या.

“ह्या कुणी मारल्या?”

“मी.”

“वेळ?”

“खालची दहा, वरची साडेअकरा.”

घड्याळात सव्वा वाजला होता. लाली वरच्या रेघेच्याही पुढं गुडघ्याकडं निघाली होती. बाईंनी तिथं आपली बोटं आडवी धरून मोजलं आणि मान वर न करता नर्सला म्हणाल्या, “थिएटर मोकळं करायला सांगा. पुढची हर्नियाची केस थांबू दे.”

मग सगळीकडून माणसं आली. दोन्ही हातांना सलाईन, रक्त काढणं, इन्सुलिन. साखर पाचशे बारा निघाली. ब्लडप्रेशर नर्सनं दोनदा घेतलं आणि आकडा आम्हाला न सांगता बाईंना सांगितला. एक्स-रेचं यंत्र खाटेपाशीच आणलं. तिथला तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होता. त्यालाही मी तेच सांगितलं, दाबल्यावर चरचर लागत होती.

बाईंनी मला आणि अक्काला बाजूला घेतलं. “हा बिब्बा नाही. कातडीच्या खाली, मांसावरच्या पडद्यात जंतू शिरलेत आणि तो पडदा कुजत वर निघालाय. जिथं कुजलंय तिथं रक्त पोचत नाही. रक्त पोचत नाही म्हणजे औषधही पोचत नाही. औषधं सगळी चालू केलीत, पण इथं खरं औषध सुरी. कुजलेलं तेवढं आज काढायचं, उद्या परत उघडून बघायचं, उरलं असेल तर परत काढायचं.”

“आन् पाय?” अक्कानं विचारलं.

“आधी माणूस. पाय राहिला तर ठेवीन. नाहीच राहिला तर काढावा लागेल. दोन्हीची सही आत्ताच हवी, आत गेल्यावर विचारायला बाहेर येता येणार नाही.”

दाजी अर्धवट शुद्धीत होते, पण हे त्यांनी बरोबर ऐकलं. मान उचलून म्हणाले, “पाय काढनार असला तर मला घरी न्या. बसून वाजिवनारा बँडमास्तर कुनी बघितलाय? सुला, सही करायची न्हाय. सांगून ठिवतो.”

लग्नाला वीस वर्षं झाली होती, अक्का त्यांचा शब्द कधी मोडत नव्हती. नियमानं सही तिची हवी होती. तिनं नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होतो?

अक्कानं नर्सच्या हातातून पेन घेतलं. “आवं, मी काय तुमच्या पायासंगट लगीन लावलं न्हवतं,” ती म्हणाली आणि एकेक अक्षर दाबून सही केली. सुलाबाई भगवान ऐवळे. दोन ठिकाणी. मग तिनं दाजींचे केस सारखे केले आणि स्ट्रेचर सोडून दिलं.

रक्ताच्या चार बाटल्या लागतील म्हणून सांगितलं होतं. लाल कोटातले चौघं एका बाकावर बाह्या वर सारून ओळीनं बसले. तिथली नर्स म्हणाली, “लग्न कुणाचं आहे?” एवढ्या काळजीतही ट्रम्पेटवाला लाजला.

त्या अडीच तासांत मी स्वतःला काय काय म्हणालो ते सांगण्यासारखं नाही. हा नुसता बिब्बाच असला तर? भीतीपोटी मी एका माणसाचा पाय कापायला आणलाय का? गुराच्या बाबतीत चुकलो तर मालक दोन शिव्या देतो. इथं बहिणीचं तोंड बघायचं होतं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, तिनं मला काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सव्वाचारला दार उघडलं. बाईंच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता.

“पाय आहे,” त्या आधी म्हणाल्या. “दोन बोटं गेली, आणि घोट्याच्या वरपर्यंत बरीच कातडी काढावी लागली. बघवणार नाही असा दिसेल, पण गुडघ्याच्या खालीच थांबलंय. प्रेशर सावरतंय. उद्या परत उघडणार. पण आज माणूस हाताला लागलाय.”

अक्कानं बाईंचे पायच धरले. बाई मागं सरकल्या, मग तिलाच धरून बाकावर बसवलं. मी भिंत धरली आणि उभ्या उभ्या रडलो, चांगला हुंदके देऊन. चाळिशीचा माणूस, पण लाज वाटली नाही. असं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

थोड्या वेळानं बाईंनी मला खोलीत बोलावलं. एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावलेला होता.

“तुम्ही चरचर लागली म्हणून सांगितलंत. ह्यात हवेचा मागमूस नाही. आत मी स्वतः हातानं बघितलं, तिथंही नाही. पडदा मात्र बोट घातलं की ओल्या कागदासारखा सुटत होता. तुम्हाला नक्की काय लागलं होतं?”

खोटं पचत नाही म्हणतात ते खरं. “काहीच नाही,” मी म्हणालो. “चरचर नव्हतीच. फऱ्याचं नाव घेतल्याशिवाय ते कुणी उठले नसते.”

बाई एक्स-रेवरून माझ्याकडं वळल्या. “मग तुम्हाला कळलं कशावरून?”

“काळं पडलं होतं तिथं त्यांना कळत नव्हतं, आणि चांगलं दिसत होतं तिथं हात लावू देत नव्हते. असं उलटं का, ते मला माहीत नव्हतं. पण उलटं होतं. आणि बोलताना मधेच चळत होते.”

“मेलेल्या भागाला दुखत नाही. वर चांगलं दिसतं तिथं खाली आग लागलेली असते,” बाई म्हणाल्या. “आणि ह्या आजारात प्रत्येक वेळी हवा सापडतेच असं नाही. चरचर लागायची वाट बघत बसला असतात, तर संध्याकाळी माझ्या हातात काही उरलं नसतं.” त्यांनी एक्स-रे काढून पाकिटात घातला. “खोटं बोलल्याबद्दल शाबासकी द्यायची आमच्याकडं पद्धत नाही. चहा घ्या.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, थोडं उरलं होतं ते काढलं. तिसऱ्या वेळी सगळं लालभडक, जिवंत निघालं तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. पुढं मांडीची कातडी काढून पायावर बसवली. दीड महिन्यानं दाजी काठी टेकत घरी आले आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या वरातीत, मऊ तळाचे वेगळे बूट घालून, पुढं चालले. थोडे वाकडे, पण चालले. इन्सुलिन अक्का टोचायची आणि रोज अंघोळीनंतर त्यांचे तळवे उलटे करून बघायची. दाजी कुरकुरायचे, पण पाय पुढं करायचे.

चरचरीची गोष्ट मात्र तालुकाभर झाली. दाजी स्वतःच सांगत सुटायचे, “मेव्हन्यानं बोट ठिवलं आन् वळखलं!” लोक माझ्याकडं माणसं घेऊन यायला लागले. मी सगळ्यांना मिरजेचा रस्ता दाखवायचो आणि खाली मान घालून गप्प बसायचो. नाही म्हणायची हिंमत होईना. इतक्या लोकांच्या आनंदात विरजण कशाला, अशी मनाची समजूत घातली. पण दाजींच्या तोंडून ती गोष्ट ऐकताना प्रत्येक वेळी चोरट्यासारखं वाटायचं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो होतो. जेवणं झाली, अक्का आत भांडी घासत होती. दाजी आता पंच्याहत्तरीला आलेत, क्लॅरिनेट थोरल्या लेकाकडं गेलंय. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. म्हटलं, माणसाचा भरवसा नाही, त्यांचाही नाही नि माझाही नाही.

“दाजी, एक सांगायचंय. त्या दिवशी तुमच्या पायात काही चरचरलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो.”

“ठावं हाय,” दाजी म्हणाले.

“कधी कळलं? बाईंनी सांगितलं?”

“बाई कशाला सांगतीया? तवाच कळलं. माजा पाय, माजं कान. तू बोटं दाबलीस, मीबी ऐकत हुतो. काय बी वाजलं न्हाय.”

“मग मॅटाडोर का काढायला लावलीत?”

दाजींनी पाय लांब केला, नडगीवरून हात फिरवला.

“तुज्या लग्नात, भर मांडवात, समद्या पावण्यांम्होरं तू मला म्हनला हुतास, ‘दाजी, आज सूर उतरलाय.’ सोताच्या लग्नात, अंगावर हळद असताना! आठ वरसं राग धरला मी त्याचा. पर सूर उतरलाच हुता. असला तू, माज्या डोळ्यात बघून खोटं बोलत हुतास. मी म्हनलं, भगवान, ऊठ आता. हा खोटं बोलाया लागलाय म्हंजी मरान दारात उभं हाय.”